आबांच्या शर्टाच्या गुंड्या

तामलवाडी
१२ जानेवारी २०२५

चि. भाग्यश्री वकील मॅडम हिला आजीचा सप्रेम जयभीम.

पत्र लिहायला कारण एक न्हाय, लई हायत, तवा चहा घेऊनच बस. पहिलं कारण फोन. फोन तुज्या आबांच्या खिशात. त्यांना कमी ऐकू येतंय म्हणून तो सदा मोठ्या आवाजावर. तू तिकडं मुंबईत शिंकलीस तरी हिकडं गल्ली इचारती, पोरीला सर्दी झाली का. कागदाचं तसं न्हाय. दुसऱ्याची डाक फोडायची न्हाय ही पलटणीची शिस्त, ती हवालदार कोंडिबा सरवदे अजून पाळत्यात. म्हणून मनातलं कागदावर. आन् मला लिहिता येतंय ते तरी कुणामुळं? तिसरीत शाळा सुटली, अक्षरं इसरले हुते. हे श्रीलंकेच्या लढाईवर गेले तवा पुन्हा गिरवून शिकले. मास्तरकडून पत्र लिहून घेतलं तर नवऱ्याला ‘इकडे सर्व ठीक आहे’ ह्याच्या म्होरं काय सांगता येतंय व्हय?

दुसरं कारण तुजा फोटू, काळ्या कोटातला. तुज्या बापानं, अमरदीपनं, मोठा करून आणला. तो घेऊन म्या नागप्पाच्या हाटेलात गेले. नागप्पा म्हणला, “मावशे, नात झ्याक हाय, पन कोट कावळ्यावानी दिसतुय.” म्या म्हणलं, “दिसू दे. तुज्या भज्यांवर झडप घातली की कळंल.” सगळी हासली. त्यानं चहा पाजला. लबाड हाय, पन चहा चांगला करतोय.

आता खरं कारण. पुण्याचा बोर्ड झाला. मिल्ट्रीचे तीन डाक्टर एका टायमाला माणूस तपासत्यात त्याला बोर्ड म्हणायचं, हे मला आता पाठ झालं. तुज्या थोरल्या वकीलसायबांनी कोर्टातून हुकूम आणला म्हणून तो लागला, न्हायतर आबांचा दुखण्याचा अर्ज कुठल्या कपाटात झोपला हुता कुणाला ठाव.

पोरी, त्या दिशी आबा काय दिसत हुते! म्या आदल्या दिशी खोबऱ्याचं तेल कोमट करून त्यांचे हात चोळले, बोटं मोकळी व्हावीत म्हणून. सकाळी दाढी केली, एक खुट राहू दिला न्हाय. शर्ट कडक इस्त्रीचा. गुंड्या लावल्या, पार गळ्यापतुर. बुटाच्या नाड्या आवळल्या. छातीवर लंकेचं मेडल. अमरदीप म्हणला, “आई, बाबांना दवाखान्यात न्यायचंय का परेडला?” म्या म्हणलं, “सरकारपुढं जायचंय, अवतार करून जाऊ व्हय?”

आबा आत गेले आन् म्या दारातून कान दिला. बूट असा आपटला की टेबलावरचा गिलास वाजला. सायब म्हणले, “कैसे हो हवालदार?” हे म्हणले, “एकदम ठीक, साब!” सायब म्हणले, “इस उमर में, क्या बात है!” माजं काळीज सुपाएवढं झालं. एवढा रुबाब बघून सरकार न्हाय कसं म्हणंल? निकाल आला की कळव. पेढ्याचं सांगून ठेवते.

तुजी आजी
विठाबाई

मुंबई
२७ जानेवारी २०२५

प्रिय आजी, जयभीम.

पेढ्यांची घाई करू नकोस. तुझं पत्र आलं तेव्हा मी निकाल हातात घेऊनच बसले होते. बोर्डाने लिहिलंय, प्रकृती समाधानकारक, हातापायांच्या हालचालीत दोष आढळला नाही. सर माझ्याकडे बघून म्हणाले, “तुझे आजोबा आजारी आहेत, असं तूच म्हणाली होतीस ना?” खरं सांगू? मी तरी आबांना आजारी कधी पाहिलंय? सुट्टीत येते तेव्हा ते दारात ताठ उभे असतात. हात थरथरतात, तळपाय जळतात, झोप लागत नाही, सोलापूरच्या डॉक्टरांनी सगळी मशिनं फिरवली तरी काही निघत नाही, हे मला बाबांनी सांगितलं म्हणून माहीत.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. दाढी तू केलीस? गुंड्या तू लावल्यास? नाड्याही तू बांधल्यास? आजी, हे त्या दिवसापुरतं, की रोज? आणि कधीपासून?

का विचारते ते सांगते. आपली बाजू साधी आहे. आबा भरतीला गेले तेव्हा लष्कराच्याच डॉक्टरांनी त्यांना धडधाकट म्हणून घेतलं. लंकेहून आले ते हा आजार घेऊन. त्याचं नाव काय, तो कशाने झाला, हे आबांनी शोधून द्यायचं नाही. नोकरीमुळे झाला नाही असं सरकारला म्हणायचं असेल, तर ते सरकारने दाखवायचं. कायदा याबाबतीत शिपायाच्या बाजूने आहे. पण त्यासाठी आजार आधी दिसायला तर हवा. आत्ता कागदावर आबा ठणठणीत आहेत.

मला खरंखरं लिही. आबा दिवसभर काय करतात, कसे करतात, सगळं.

तुझी
भाग्यश्री

तामलवाडी
९ फेब्रुवारी २०२५

चि. भागीस जयभीम.

तुजं पत्र वाचून म्या गप झाले. म्या गप बसले की आबा घाबरत्यात. कपाळाला हात लावून बघत हुते, ताप हाय का म्हणून.

काय ते इचारणं! नवऱ्याच्या गुंड्या लावल्या तर काय बिघडलं? आबा एकदम बरे हायत. रोज शेतात जात्यात, बांधावर बसत्यात. ज्वारी आवंदा चांगली हाय, कणसं अशी भरलीत. चहा दोन टायमाला घेत्यात. कप मातर म्या अर्धाच देते, भरला की सांडतोय, पन अर्धा अर्धा दोनदा दिला की तेवढाच व्हतोय की. पाव्हणे यायच्या आधी त्यांचं जेवण उरकून घेते, भाकर दुधात कुस्करून. पाव्हण्यात बसले तर नुसतं बोलत बसत्यात, भूक न्हाय म्हणत्यात. लोकांना वाटतंय हवालदार लई मानी. हायतच मानी. सकाळी दार लोटून दाढी, गुंड्या, नाड्या, सगळं उरकलं की मग आमी दार उघडतो. तवर शेळीबी वरडत न्हाय, तिलाबी सवय झाली.

कधीपासून म्हणतीस. लंकेहून पहिल्या रजेवर आले, तुजा बाप तवा शाळेत गेलता. ह्यांनी दार लावलं, शर्टाची गुंडी धरून माज्यापुढं उभारले आन् म्हणले, “विठा, हे जमंना झालंय. कुणाला दिसू देऊ नको.” बस. दुसरं काय बोलले न्हाईत, म्या इचारलं न्हाय. पलटणीत त्यांचा जोडीदार रामकिसन हुता, लातूरकडचा. तिथं तो लावायचा, घरी म्या लावायचे. असं करून पेन्शनीपतुर नोकरी ओढली ह्यांनी. कुणाला जमलं असतं सांग बरं?

नागप्पा हाटेलात म्हणतोय, हवालदाराची मिल्ट्रीतली रम अजून उतरली न्हाय. ह्यांनी आपल्या वाटणीची रम कायम दुसऱ्याला दिली. पन ते ऐकून ऐकून आबांना आता सवताच वाटाय लागलंय की खोट आपल्यातच असंल. त्यांना दुसरं काय नको हाय बाई. सरकारनं एकदा म्हणावं, हे दुखणं लढाईचं हाय, कोंडिबाचं न्हाय. तेवढ्यासाठी ते पुण्याला आले. आन् तू म्हणतीस दुखणं दावा. बाजारात बैल दावत्यात तसं म्या त्यांना दावू?

ऱ्हाऊ दे. एक गंमत सांगते. आमच्या बचत गटाची भांडी माज्याकडं असत्यात, लग्नाकार्याला देतो ती. माजी रीत अशी, देताना ठोकून द्यायचं, घेताना ठोकून घ्यायचं. परवा धुळाप्पाच्या घरून मोठं पातेलं परत आलं, घासून लख्ख, तोंड दिसावं असं. पन ठेवताना त्यानं ते भिंतीला टेकवून ठेवलं. म्या फिरवलं तर मागं केवढा पोचा! म्हणला, “मावशी, हा कशानं पडला ते दाव, मग बोल.” म्या म्हणलं, “म्या कशाला दावू? म्या हुते का तुज्या मांडवात? नेताना नीट नेलंस, पोचा घेऊन आलास, आता तूच सांग कसा पडला.” डोकं खाजवलं आन् पातेलं उचलून तांबटाकडं गेला.

तुजी आजी

मुंबई
२१ फेब्रुवारी २०२५

प्रिय आजी, जयभीम.

तुझी पातेल्याची गोष्ट मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवली. सर खो खो हसले आणि म्हणाले, “आपण पानंच्या पानं लिहिली ते हेच की गं.” आता त्यांनी कोर्टात बोलताना पातेलं आणलं तर नवल नको वाटून घेऊ.

पण आजी, धुळाप्पाने काय केलं होतं? पोचा भिंतीकडे फिरवून ठेवला होता. आणि आपण आबांना पुण्याला कसं नेलं? पातेलं सरकारने वापरलं, पोचा त्यांच्या मांडवात पडला, आणि परत देताना तो घासूनपुसून भिंतीकडे फिरवला आपणच.

मी रागावले नाही. नवऱ्याने एकदा दार लावून सांगितलेला शब्द तू पस्तीस वर्षं पाळलास. पोटच्या मुलालाही अर्धवटच कळू दिलंस. इथे कोर्टात माणसं सकाळी शपथ घेतात आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत मोडतात. अशी बाई माझी आजी आहे, हे मी कुणाकुणाला सांगू असं झालंय.

आम्ही पुन्हा एकदा बोर्ड मागतोय. मिळेल असं सर म्हणतात, पण हा शेवटचा. या वेळी तू काही करायचं नाहीस. तेल नाही, दाढी नाही, इस्त्री नाही, गुंड्या नाहीत. तुझ्यासाठी हे न करणंच जास्त अवघड, मला माहीत आहे. मात्र आबांना विचारल्याशिवाय काही नको. शब्द त्यांनी घेतलाय, सोडवायचा तर त्यांनीच. ते नाही म्हणाले तर मी सरांना सांगेन, आणि आपण इथेच थांबू.

तुझी
भाग्यश्री

तामलवाडी
६ जुलै २०२५

चि. भागीस आजीचा जयभीम.

एवढं दिस पत्र न्हाय म्हणून रुसली असशील. तारीख लागल्याचं तेवढं बापानं कळवलं तुला, बाकी कुणी काय सांगितलं न्हाय. तू येते म्हणलीस, म्याच नको म्हणलं. तू समोर असलीस की आबा अजून ताठ व्हत्यात.

आता बैजवार सांगते. त्यांना इचारायला मला धीर व्हईना. बाबासाहेबांची जयंती झाली, भांडी परत आली, ठोकून घेतली, आन् त्या आवाजात म्या एकदाचं बोलले. भागी म्हणती हाय तसं चला. दुसऱ्या दिशी सकाळी म्या गुंड्यांना हात घातला तर आबांनी माजा हात बाजूला केला. सवता लावत बसले. म्या चुलीकडं तोंड करून बसले. ऊन अंगणात आलं तरी दार उघडलं न्हाय. मग म्हणले, “लाव.” लावल्या. त्याच्यावर किती तरी दिस तो इषय न्हाय.

मग रामकिसनचा फोन आला. मोठ्या आवाजावर, सगळं ऐकू आलं. त्याच्याबी बोटांचं तसंच झालंय म्हणला, आता आता सुरू झालंय. आबा म्हणले, “मग गुंड्या?” रामकिसन हासला. “गुंड्या कसल्या, टी-शर्ट घालतोय. मंडळी गेली, आता कोण लावणार?” आबांनी फोन खिशात ठेवला, आन् म्हणले, “विठा, वकिलीणबाईला कळव. येतो म्हणावं. माजं झालं तर त्याचं व्हईल.” बघ पोरी. सवतासाठी ज्या माणसानं पस्तीस वर्सं तोंड उघडलं न्हाय, तो जोडीदारासाठी एका फोनात तयार झाला.

निघायच्या दिशी दाढी वाढलेली, शर्ट उघडा, आत बनियन, वर शाल. माजे हात असे शिवशिवत हुते की म्या पदराचं टोक धरून बसले. फाट्यावर यष्टीची वाट बघत हुतो तवा नागप्पा हाटेलातून वरडला, “हवालदार, आज मोर्चा कुठं?” जवळ आला, त्या उघड्या शर्टाकडं बघितलं, आन् बावरला. जीभ लांब असली तरी माणूस वाईट न्हाय. गुंडी लावाय हात म्होरं केला. आबा म्हणले, “ऱ्हाऊ दे नागप्पा. हेच दावायला चाललोय.” नागप्पा यष्टी येईपतुर तिथंच उभारला, मागं भजी करपली तरी.

ह्या टायमाला बोर्डात एक बाई डाक्टर हुत्या. मेजर. तुज्याहून थोड्या मोठ्या, केस असे घट्ट बांधलेले. म्हणल्या, “कैसे हैं हवालदार साहब?” आन् ह्यांनी बूट आपटला! “ठीक, मॅडम!” म्या दारात कपाळावर हात मारून घेतला. एवढं सगळं करून पुन्हा तेच!

मॅडमनी आधी शर्टाकडं बघितलं, मग माज्याकडं. म्हणल्या, “बाहर हवा ठंडी है, बटन लगा लीजिए.”

आबांनी वरची गुंडी धरली. सुटली. पुन्हा धरली. बोटं अशी नाचत हुती जशी दुसऱ्याचीच. मानंवर घाम आला. म्या आत पाऊल टाकलं तर अमरदीपनं माजा दंड धरला. त्याच्याबी डोळ्याला पाणी, त्यानं तरी हे कुठं बघितलं हुतं? मग आबांनी दोन्ही हात खाली सोडले, सावधानमधी उभारावं तसे उभारले, आन् म्हणले, “नहीं होता, मॅडम. लंका से आया, तब से नहीं होता.”

मॅडमनी इचारलं, “तो इतने साल किसने लगाए?”

आबा म्हणले, “नौकरी में रामकिसन ने. घर में हमारी हवालदारनी ने.”

भागे, लग्नाला माज्या जलम झाला, ह्या माणसानं चारचौघांत माजं कौतुक कधी केलं न्हाय. केलं ते मिल्ट्रीच्या तीन डाक्टरांपुढं, तेबी हिंदीत.

मॅडमनी लई येळ लिवलं. पायाला सुया टोचून बघितल्या, डोळे मिटून चालाय लावलं, ते वाकडे गेले, तेबी लिवलं. शेवटी मला आत बोलावलं. “माँजी, अब लगा दीजिए.” म्या लावल्या. दार उघडं, माणसं बघत्यात, तरी लावल्या, पार गळ्यापतुर. पयल्यांदा लाज वाटली, मग न्हाय वाटली.

निकाल काय का येईना. तुज्या आजोबाएवढा शूर माणूस म्या दुसरा बघितला न्हाय, आन् लंकेत ते काय करत हुते ते तर मला ठावबी न्हाय.

तुजी आजी, हवालदारनी

मुंबई
१९ सप्टेंबर २०२५

प्रिय हवालदारनी आजी, जयभीम.

पेढ्याचं सांग.

बोर्डाचं मत आलं आणि कोर्टाने ते मान्य केलं. आजाराचं नाव त्यांनाही सापडलेलं नाही, आणि त्या मेजर मॅडमनी ते सरळ लिहिलंय, कारण अज्ञात. मला वाटलं झालं, पुन्हा फेटाळणार. पण त्याखालचं वाक्य तुला उतरवून देते: ‘भरतीच्या वेळी हा आजार नव्हता. तो युद्धक्षेत्रातील सेवेमुळे झाला असे मानण्यात येते.’ म्हणजे आजी, पोचा कशाने पडला ते कुणालाच माहीत नाही, पण पडला कुणाच्या मांडवात ते सरकारने कबूल केलं. यापुढचं औषधपाणी, तपासण्या, पेन्शन, सगळ्याची जबाबदारी त्यांची.

कोर्टात न्यायाधीशांनी ते वाक्य वाचलं आणि बाहेर येऊन सरकारी वकिलांनी माझंच अभिनंदन केलं. मी म्हटलं, अभिनंदन तामलवाडीला पाठवते.

आणि मी रामकिसन आजोबांशी बोलले. फोनवर त्यांचा आवाज अगदी आबांसारखाच, सगळं ‘एकदम ठीक’. त्यांचा अर्ज सरांनी माझ्यावर सोपवलाय. माझी स्वतःची अशी ही पहिली केस.

आबांना हे पत्र तू वाचून दाखव. फोनवर नको सांगू. फोनवर गल्लीला कळेल, त्यांना आधी कळू दे.

तुझी
भाग्यश्री

तामलवाडी
२८ सप्टेंबर २०२५

चि. भागीस लई लई जयभीम.

वाचून दावलं. ‘युद्धक्षेत्रातील सेवेमुळे’ हे मला पुन्हा पुन्हा वाचाय लावलं. एकदा तर मधीच थांबवून इचारलं, “तू मनानं तर घालून वाचत न्हाईस?” म्या म्हणलं, एवढा जड शब्द माज्या मनात कुठून येईल? मग मातर उठले, अंगणात गेले आन् शेळीला पाठीवर थोपटत बसले. म्या म्होरं गेले न्हाय. थोडा येळ त्यांचा त्यांना असू दे म्हणलं.

पेढे सगळ्या आळीला दिले, धुळाप्पालाबी दिले. पन खरी गोष्ट दुसऱ्या दिशीची हाय. आबा नागप्पाच्या हाटेलात गेले आन् रस्त्याकडंच्या बाकड्यावर बसले, सगळ्यांसमोर. म्हणले, “नागप्पा, फुल चहा.” कप भरून आला. उचलला. सांडला, धोतरावर, बाकड्यावर. आबांनी उरलेला पिला, कप म्होरं केला आन् म्हणले, “लंकेचा हात हाय बाबा. भर अजून.” नागप्पानं भरला. रम म्हणून आता कुणी नाव काढंल तर नागप्पाच त्याला मारंल.

गुंड्या अजून म्याच लावते. पन आता दार उघडं असतं. शेळी वरडती, पोरं येत्यात जात्यात, आमचं चाललेलं असतं.

तू लई मोठी वकील हो. रामकिसनचं नीट कर. तो आबांचाच हात हाय असं समज.

खाली आबांनी सवता लिहिलंय. पेन घट्ट धरून लई येळ बसले हुते. अक्षर वाकडं आलंय, म्या म्हणलं, थांबा, म्या नीट उतरवून देते. तर म्हणले, ऱ्हाऊ दे तसंच, जाऊ दे मुंबईला.

तुजी आजी

चि. भाग्यश्री. जयभीम.
रामकिसनला सांग, बोर्डाला जाताना दाढी करू नको.
हवा. कोंडिबा